ऐन तूतची गल्ली

“ही गल्ली आमच्यात धर,” अबू सुहैल रुलाला म्हणाला. “एवढ्याशा तुकड्याला वेगळा रंग कशाला वाया घालवतेस?”

रुला मदत-कार्यालयातून आली होती. आमच्या निर्वासितांच्या कॅम्पाचा नवा नकाशा करायचा, मोहल्ल्यांच्या हद्दी ठरवायच्या आणि नव्या पाट्या लावायच्या, हे तिचं काम. तिच्या हातातल्या टॅबलेटवर प्रत्येक मोहल्ल्याला एकेक रंग दिलेला होता.

आमच्या कॅम्पात मोहल्ल्यांना गावांची नावं आहेत. आजे-पणजे ज्या गावाहून हाकलले गेले, त्या गावच्या लोकांनी इथे एकमेकांना लागून तंबू ठोकले. तंबू गेले, चार-चार मजले चढले, नावं तेवढी राहिली. देर रुम्मान हा सगळ्यात मोठा मोहल्ला आणि अबू सुहैल त्याचा म्होरक्या. ऐन तूत सगळ्यात लहान. एकच गल्ली, तीही अशी की समोरून कुणी आलं तर आपण भिंतीला चिकटायचं. अबू सुहैलच्या घराचं दारही याच गल्लीत उघडायचं, म्हणून तो ती आपलीच समजायचा.

मूळचं ऐन तूत आता नाही. तिथे पाइनचं रान आहे आणि कुठल्या नकाशात ते नाव सापडत नाही. ते उरलं होतं फक्त गल्लीच्या तोंडावरच्या निळ्या पाटीवर. ती पाटी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची उम्म हातिम. तिचा नवरा त्या गावचा. तो वारला, मुलगा हातिम स्वीडनला गेला, सासरचं बाकी गोत कुठे कुठे पांगलं. म्हातारीला आता एवढंच हवं होतं की पाटी राहावी.

कार्यालयाचा नियम सरळ होता. गल्लीत त्या गावचं एक जरी घर असेल तर नाव राहणार. नसेल तर गल्ली शेजारच्या मोहल्ल्यात जाणार आणि पाटी निघणार.

“एक घर,” अबू सुहैल हसला. “दाखवा की एक घर.”

उम्म हातिम वेलचीची कॉफी घेऊन दारात उभी होती. “आधी कॉफी पी, मग गल्ली गीळ.”

“गिळायला आहे काय त्यात? तुमच्या ऐन तूतमध्ये गाढव शिरलं तर शेपूट आमच्या मोहल्ल्यात राहतं.”

“आणि तुमच्या लग्नांत पाहुण्यांना भात मिळतो, मटणाचा नुसता वास येतो.”

दोघांचं हे वर्षानुवर्षं असंच चाललेलं. रुला हसू दाबत पहिल्या दाराकडे वळली. अबू सुहैल तिच्याबरोबर निघाला. कुणी लबाडी करू नये म्हणून, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. वास्तविक त्याची काही गरज नव्हती. आमच्याकडे माणूस वय चोरेल, वीज चोरेल, पण बापाचं गाव खोटं सांगणार नाही. ते जिभेवर येतच नाही.

पहिलं दार बासिलचं. तो मोबाइल दुरुस्त करतो. आदल्या दिवशी तो उम्म हातिमला म्हणाला होता, “खाला, मी ऐन तूत सांगून टाकतो. कोण तपासायला बसलंय?” तिने त्याला चांगलंच झापलं होतं. “तुझा आजा कबरीत उठून बसेल. असलं पाप मी कुणाला करायला लावणार नाही.”

“वडिलांचं गाव?” रुलाने विचारलं.

“बैत शीह,” बासिल खाली बघत म्हणाला.

पुढच्या घरात लढाईमुळे हलब शहरातून पळून आलेले परके भाडेकरू होते. ते धरायचेच नव्हते. त्यांच्या वरच्या मजल्यावरचेही बैत शीहचेच निघाले. मग उम्म हातिमचं दार आलं.

“हिला सासरचं गाव विचारा ना,” बासिल मध्येच बोलला.

“बाईचं माहेर धरतात,” रुला हळूच म्हणाली. “मुलगा इथे राहत असता तर त्याचं लिहिलं असतं. खाला, तुमच्या वडिलांचं गाव?”

उम्म हातिमने ओढणी सारखी केली. “देर रुम्मान.”

“ऐकलंत?” अबू सुहैलने छाती पुढे काढली. “आमची पोर आहे ही. आम्हीच दिली होती यांच्यात.”

ती आत गेली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. “पाटी मीच काढते. तुमची माणसं यायची आणि भिंत फोडून ठेवायची. बासिल, स्टूल धर.”

गल्लीच्या तोंडाशी जाऊन ती स्टुलावर चढली. स्क्रू गंजलेले होते, काही केल्या हलेनात. तिला रडू येत होतं आणि अबू सुहैलसमोर ते तिला मुळीच नको होतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा जोर लावला. गल्लीतली माणसं दारांत आली. हलबवाली बाईसुद्धा पोराला कडेवर घेऊन दारात येऊन उभी राहिली.

शेवटचं दार अबू सुहैलचं. मूळच्या देर रुम्मान गावात, पाहुणेघरात कॉफी ओतायचा मान त्याच्या बापाचा होता. ती गोष्ट त्याने सांगून सांगून कॅम्पातल्या पोराटोरांनाही पाठ झाली होती.

“तुम्हाला काय विचारायचं काका,” रुला म्हणाली. “देर रुम्मान टाकते.”

“विचार,” अबू सुहैल म्हणाला. “सगळ्यांना विचारलंस, मलाही विचार.”

रुलाने मान वर केली. “वडिलांचं गाव?”

“ऐन तूत,” अबू सुहैल म्हणाला.