जशीच्या तशी गाडी

आईने चष्मा पुसला, गाडी दोन्ही हातांत उचलली आणि खिडकीतल्या उजेडात नेली. मुलगा टेबलापाशी उभाच राहिला. सून हात पुसत दारात थांबली. सासूबाई काय म्हणतात, ते तिलाही ऐकायचं होतं.

गाडी वीतभर होती. खोक्यातून सुटे भाग आले तेव्हा लालभडक होती. मुलाने तो रंग घासून काढला आणि गडद हिरवा चढवला, कारण बाबांची मसल कार, ती दणकट इंजिनाची जुनी गाडी, हिरवी होती. कवळ्या बनवणं हा मुलाचा धंदा. ज्या हत्यारांनी तो लोकांचे दात घडवायचा, त्यांनीच त्याने दारं कापून उघडती केली, सीटखाली तांब्याच्या तारेचे रूळ बसवले, इंजिनाला शिवणाच्या दोऱ्याच्या वायरी जोडल्या. बाबांनी स्वतः मारलेला पांढरा पट्टा मागे जाऊन तिरका झाला होता, म्हणून ह्यानेही तो तिरकाच मारला. "स्वयंपाकघरातल्या कपाटाचं निखळलेलं दार बसवायला ह्यांना सवड मिळत नाही," असं सून येईल-जाईल त्याला ऐकवायची. पण मनातून तीही धास्तावली होती. हा सगळा खटाटोप खेळण्यासाठी नाही, हे तिला माहीत होतं.

बाबांचा फोटो माळ्यावर पडून होता. भिंतीवर तो कधी लागलाच नाही. मुलगा कॉलेजात असताना दोघं बापलेक गाडी घेऊन निघाले होते. डोंगरातल्या वळणावर गाडी कठड्यावर आदळली, दोघंही बाहेर फेकले गेले आणि बाबा जागच्या जागी गेले. दवाखान्यातल्या खाटेवरून मुलाने पोलिसांना सांगितलं, बाबा चालवत होते, फार जोरात होते. आईने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून नवऱ्याचं नाव घेणं टाकलं. "गेला तो गेला, माझ्या पोरालाही घेऊन चालला होता," एवढंच ती म्हणे.

आता तिचंच काही खरं नव्हतं. डॉक्टरांनी तसं आडून सुचवलं होतं. तिने जाण्याआधी बाबांना माफ करावं, फोटो भिंतीवर यावा, ह्यासाठी मुलाचा जीव तुटत होता. बोलून काही उपयोग झाला नव्हता. म्हणून ही गाडी.

"आरशाला तडासुद्धा पाडलास," आई म्हणाली.

"सगळं जसंच्या तसं आहे, आई. मला सगळं आठवतं."

आई हसली. त्या घरात बाबांच्या विषयावर कोणी हसलं, त्याला जमाना झाला होता. "काय बुटका होता गं तुझा सासरा," ती सुनेला म्हणाली. "सीट पार पुढे ओढायचा, वर उशी ठेवायचा, मग बसायचा. मीच शिवली होती ती उशी. तरी बाहेरून नुसतं टक्कल दिसायचं. गल्लीतली पोरं ओरडायची, गाडी आपली आपणच चाललीय म्हणून." सूनही हसली. "आणि हा बघ. रोज चौकटीवर डोकं आपटतो. कुणावर गेलाय कोण जाणे."

मुलाच्या जिवात जीव आला. आता फोटोचा विषय काढावा, असं त्याच्या मनात आलं.

आईने नखाने गाडीचं इवलंसं दार उघडलं आणि आत डोकावली. चालवणाऱ्याची सीट रुळांवरून पार मागे सरकवलेली होती. मागच्या सीटच्या कोपऱ्यात, कोणी घाईने भिरकावून द्यावी तशी, एक चिमुकली उशी पडली होती. तिच्यावरची तपकिरी फुलंसुद्धा मुलाने बारीक कुंचल्याने काढली होती.

"सीट अशी मागे होती?"

"हो. शेवटी अशीच..." मुलगा म्हणाला, आणि थांबला.

आईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या उंच मुलाकडे पाहायचं तर तिला मान बरीच वर करावी लागे. सुनेचं हसू विरलं. नीट करून देतो म्हणत मुलाने हात पुढे केला, पण आईने गाडी दिली नाही.

तिने मागची उशी नखाने उचकटली, पुढच्या सीटवर ठेवली आणि बोटाने दाबून धरली.

"उशीशिवाय त्यांना रस्ता दिसायचा नाही रे," ती म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं त्यांना..."

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली तरी आईचं बोट उशीवरच होतं.

"फोटो काढ माळ्यावरून," शेवटी ती म्हणाली. "आणि काय ते त्यांच्यासमोर सांग."