फुटलेले पाट

इस्पितळाच्या छताला लावलेल्या पडद्यावर तात्याबांना स्वतःच्या यकृतातली गाठ थेट दिसत होती. औषधाचे निळे सूक्ष्मकण वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांत शिरत आणि कडेलाच गळून जात. गाठीचा मधला भाग काळाच राहिला.

"डोस वाढवते," डॉक्टर मृण्मयी म्हणाली. "हा शेवटचाच उपाय आहे."

"थांबा, मॅडम!" चाळीस वर्षं कालव्याचं पाणी सोडलेले तात्याबा उसळले. "पाट फुटलेला असताना पाणी वाढवलं, तर टेलचं, पार शेवटचं शेत कोरडंच राहतं. आधी भगदाडं बुजवा!"

मृण्मयीनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग तिनं आधी वाहिन्या सांधणारं औषध दिलं.

तिसऱ्या दिवशी सोडलेले कण न सांडता सरळ आत धावले. काळा भाग निळा झाला, तसे तात्याबा पडल्यापडल्या कालव्यावरच्या आवाजात ओरडले, "टेलला पाणी पोचलं रे!"