एकच तारा

चीनमधल्या चेंगदू शहराच्या एका बोळात छ्यूताईंची खानावळ आहे. तिथल्या स्वस्त, झणझणीत नूडल्सचा सुगावा फोनवाल्या खवय्यांना लागला, तर आपलं दुपारचं स्टूल गेलंच! या धास्तीने निए मास्तरांनी खानावळींना तारे देणाऱ्या ॲपवर गुपचूप एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, "टेबलं चिकट, मालकीण तोंडाळ. चुकूनही फिरकू नका."

दुसऱ्या दिवशी बोळाच्या तोंडापर्यंत रांग! मास्तर शेपटाला उभे राहिले.

"अहो आजोबा, पाच तारे विकतही मिळतात," पुढची मुलगी त्यांना समजावू लागली. "शिव्या मात्र अस्सल असतात. एवढी निंदा झालीय, म्हणजे चव असणारच!"

तेवढ्यात छ्यूताई झारा घेऊनच बाहेर आल्या. "कोण हो तो पुण्यवान, ज्याने माझी एवढी बदनामी केली? देव त्याचं भलं करो! पुढे या, जन्मभर रांगेशिवाय वाढीन!"



मास्तरांनी लाजत हात वर केला, तर सगळ्याच जुन्या गिऱ्हाइकांचे हात वर होते. शेवटी ताईंनी त्यांची वेगळी रांग लावली, पहिलीपेक्षा लांब.