निम्मा डोस

फळमाशीच्या गर्भात डोक्याच्या टोकाला एक प्रथिन दाट असतं आणि शेपटीकडे विरळ होत जातं. त्यावरूनच प्रत्येक पेशीला आपण काय व्हायचं ते कळतं. वीस वर्षं हेच शिकवून शिकवून प्रयोगशाळेच्या मुख्य सरांची खात्री झाली होती, की ते दाट टोक म्हणजे आपली केबिन.

"मी नसलो ना, तर डोकं कुठलं नि शेपूट कुठलं, हेसुद्धा त्या ठोंब्यांना कळायचं नाही," असं बायकोला ऐकवून सर तीन महिने परदेशी गेले.

परतले तर माश्यांच्या बाटल्या लखलखीत, आणि दोन वर्षं रखडलेला प्रयोग चक्क संपलेला! सरांचं तोंड कडू झालं.

"सर, आईकडून ते प्रथिन निम्मंच मिळालं, तरी माशी धडधाकट निघते," संशोधन करणारी विद्यार्थिनी म्हणाली.

"अक्कल गहाण टाकलीय का? वरून येणारा सिग्नल कमी झाला, की खाली गोंधळ व्हायलाच हवा! पुन्हा करून बघा सगळं."

बाटल्या धुणाऱ्या मावशींनी नळ बंद करून विचारलं,



"बघू की. मग सर, पुन्हा कधी जाताय?"