सरांसाठी अमेरिकेचा इतिहास

“हेही बेकार निघालं!” असं म्हणत काकूंनी पुस्तक टेबलावर आपटलं.

ग्रंथपाल बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकूंनी नापास केलेलं हे तिसरं पुस्तक. मागणी काय, तर अमेरिकेचा इतिहास हवा, पण वाचताना मजा आली पाहिजे. सनावळ्या नकोत, जांभया तर मुळीच नकोत. ऐकायला सोपं वाटतं ना? मग बसा शोधत! वाचनालयात अमेरिकेच्या इतिहासाचा अख्खा खण भरलेला होता आणि त्यातली निम्मी पुस्तकं खुद्द लिहिणाऱ्यांनी तरी पुन्हा वाचली असतील का, अशी बाईंना शंका होती. तळटीपा पोटभर, गोष्ट चिमूटभर. त्या ढिगातून बाईंनी ही तीन पुस्तकं उपसून काढली होती. एकात नदीवरच्या वाफेच्या बोटी होत्या. दुसऱ्यात पश्चिमेकडे निघालेल्या तांड्यातल्या बायका होत्या. आणि हे तिसरं स्वातंत्र्ययुद्धाचं. ते असं लिहिलेलं की वाचता वाचता बाईंची भाजी करपली होती.

“बेकार? काय बेकार आहे हो यात?”

“हे काही बोलले नाहीत.”

हे म्हणजे काकूंचे यजमान, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. शाळेतली मुलं त्यांना मागून ‘तोफ’ म्हणायची. अमेरिकेचा धडा सुरू झाला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा स्वतःचं गणित सोडून यांचाच इतिहास ऐकत बसायची. पक्षाघाताचा झटका आला आणि तोफ गप्प झाली. हात थोडा हलू लागला, मान हलू लागली, पण तोंडातून शब्द म्हणून नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, “त्यांना सगळं कळतंय. आवडीचं काहीतरी वाचून दाखवा, बोलावंसं वाटू द्या. पण बोलायची सवय फार दिवस तुटली, तर मग कठीण आहे.” तेव्हापासून काकू रोज दुपारी उशाशी बसून अमेरिका वाचत होत्या.

“काकू, पुस्तक म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे? दोन चमचे पाजले की उतार?”

“मग चांगलं द्या ना! एवढी कपाटं भरून ठेवलीत आणि एका माणसाला बोलतं करील असं एक पुस्तक नाही तुमच्याकडे? उघडता कशाला रोज सकाळी?” काकूंचा आवाज चढला तो चढलाच. वर्तमानपत्रं वाचणारे दोघे-तिघे माना वर करून बघायला लागले.

हे मात्र बाईंना फार लागलं. पुस्तक निवडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोष असलाच तर वाचणारीचा. ही बाई नक्की विजेचं बिल वाचल्यासारखं वाचत असणार! मजेचं भजं करून टाकायचं आणि वर खापर आमच्या डोक्यावर!

“चला,” बाई पुस्तक उचलून म्हणाल्या. “आज मी येते. मी वाचते. बघू कसे गप्प राहतात ते.”

सरांची खाट खिडकीला लागून होती. उशाशी औषधाच्या बाटल्या, पायाशी घडी केलेला टॉवेल. बाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. सगळे आवाज काढून वाचलं. उद्धट इंग्रज अधिकारी, तावातावाने भांडणारे व्यापारी, अंधारात घोडा दामटणारा निरोप्या, काही म्हणून सोडलं नाही. सरांचे डोळे चमकत होते. योग्य जागी ते हसत होते, मान डोलवत होते. बाईंचा घसा सुकला. सर बोलले नाहीत.

“बघितलंत?” काकू म्हणाल्या. “नुसती मान! ती तर माझ्या वाचनालाही डोलवतात.”

बाईंचा तोल गेला. त्यांनी पुस्तक फटकन मिटलं.

“अहो, पण यात न आवडण्यासारखं आहे काय? सरळ गोष्ट आहे! या लोकांनी जाहीरनामा काढला, आम्ही आजपासून स्वतंत्र. राजाचं डोकं फिरलं. त्याने फौज धाडली आणि लढाईला तोंड फुटलं. संपलं! शेंबड्या पोरालाही कळेल! आणि तुम्ही म्हणता—”

धाडकन आवाज झाला. सरांनी खाटेच्या कठड्यावर मूठ आपटली होती. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा ताठ. ओठ एका बाजूला ओढले जात होते.

“आ... आधी!”

काकू ताडकन उभ्या राहिल्या.

“ल... लढाई आधी! वर्षभर आधी! मग जा... जाहीरनामा!” बोट बाईंवर रोखलेलं होतं.

बाईंनी जीभ चावली. खरंच की! लढाई आधीपासूनच पेटलेली होती. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं, आत्ता त्यांनीच ते वाचून दाखवलं होतं. रागाच्या भरात सगळं उलटंपालटं करून टाकलं. मोठ्या तोऱ्यात आलो आणि तोंडघशी पडलो. आता काकू काही सोडत नाहीत आपल्याला.

“चुकलं सर,” त्या खाली मान घालून पुटपुटल्या.

काकूंनी बाईंचं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

“बाई, तुमच्या पाया पडते,” त्या म्हणाल्या. “अजून एक चूक करा.”