घाटातली दुसरी केबल

नेटवर्क इंजिनिअर वृंदाने प्रकाशातून संदेश नेणारी मुख्य फायबर केबल मुद्दाम काढली. पडद्यावरचा हिरवा दिवा नुसता लुकलुकला, विझला नाही. डोंगरापल्याडच्या रुग्णालयातली, काचेच्या पेटीतली बाळं शहरातल्या डॉक्टरांना अजूनही दिसत होती.

"बघा मॅडम, एक तुटली तरी दुसरी आहेच! आता तरी काम पूर्ण झाल्याची सही कराल?" कंत्राटदार तांडेल हसले.

वृंदाच्या खांद्यावर तिची लेक झोपली होती. एरवी सासूबाई नसल्या की शेजारच्या काकू लेकीला सांभाळायच्या. आज मात्र दोघी एकाच रिक्षातून एकाच डोहाळजेवणाला गेल्या होत्या. तेव्हापासून वृंदाच्या मनात पाल चुकचुकत होती.

दोन्ही केबलींतून प्रकाशाला पलीकडे पोहोचायला किती वेळ लागतो, ते तिने यंत्रावर पाहिलं. खात्री व्हावी म्हणून पुन्हा पाहिलं.

"तांडेलभाऊ, मुख्य केबल पुलावरून जाते. दुसरी घाटातून, दुप्पट लांबून. हो ना?"

"तर! नकाशातच आहे की."

"मग प्रकाशाला दोन्हीकडून सारखाच वेळ कसा लागतो?"

तांडेलांचं हसू मावळलं. "घाटात नुसता कातळ लागला हो. म्हणून दोन्ही पुलावरच्या एकाच पाइपात टाकल्या. पण पूल भक्कम आहे, मॅडम."

लेक चुळबुळली. तिला थोपटत वृंदाने पेन पर्समध्ये टाकलं.

"माझ्या सासूबाईही भक्कमच आहेत, भाऊ. तरी पोर आज माझ्या खांद्यावर आहे. आधी कातळ फोडा, मग सही."