दातांत राहिलेलं गाव

पालिकेच्या शाळेत मोफत दंततपासणी होती, पण आत जायला कोणी तयार नव्हतं. नगराध्यक्षा हेमलताताई अनिमाजवळ आल्या. "तू पुढे झालीस की सगळे येतील," त्या म्हणाल्या. अनिमा शाळेत खिचडी शिजवायची, आणि समुद्रात बुडालेल्या गावांतून आलेली साठ कुटुंबं तिचं ऐकायची.

केंद्राने या बिनकागदी लोकांची यादी मागितली, तेव्हा याच ताईंनी भर सभेत सांगितलं होतं की एकही माणूस देणार नाही. केंद्राने पालिकेचा निधी रोखला. पालिकेच्या दवाखान्यातलं डायलिसिस बंद पडलं, तरी ताई बधल्या नव्हत्या.

म्हणून अनिमाने हाका मारून सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि स्वतः पहिली खुर्चीत बसली. तरुण डॉक्टरने तिच्या दाढेला पेनासारखं यंत्र टेकवलं. पडद्यावर नकाशा आला आणि तिच्या बुडालेल्या गावावर लाल ठिपका उमटला.

"हे काय आहे?"

"लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण दातांत राहते. त्यावरून गाव कळतं आणि नाव थेट केंद्राकडे जातं," डॉक्टर म्हणाला. तिला हे ठाऊक असेल असंच त्याला वाटत होतं.

खिडकीतून मागचं मैदान दिसत होतं. तिथे केंद्राच्या तीन रिकाम्या बस उभ्या होत्या.

अनिमा खुर्चीमागे उभ्या असलेल्या ताईंकडे वळली. "ताई, मला सांगितलं असतंत तर मी एकटी गेले असते."

ताईंनी नजर वळवली. "डायलिसिसवाचून अकरा जण गेले, अनिमा."

बाहेरच्या बायका डॉक्टरसमोर लाज नको म्हणून दोन-दोनदा दात घासून आल्या होत्या. पहिलीने दारातून डोकावून विचारलं, "दुखतं का गं?"